मामांचं पितळी टोकन

रविवार, सकाळचे अकरा. हजर: मामा, मी, मिक्सर. गैरहजर: सूर्य, सलग तिसरा दिवस.

माझ्या मामांच्या घरात मिक्सर लावायला टोकन लागतं. पितळी, खिळ्याला टांगलेलं. मामा दौंडला रेल्वेत होते. एकेरी रुळावर ज्या गाडीकडं टोकन तीच पुढं जाणार, हा नियम त्यांनी निवृत्तीनंतर तळेगाव ढमढेऱ्याजवळच्या वस्तीवर आणला. इथवर विजेचे खांब आलेले नाहीत. छतावर चार पॅनल, कोपऱ्यात दोन बॅटऱ्या, मध्ये इन्व्हर्टर. दिवसा ऊन साठवायचं, अंधारात पुरवून वापरायचं. एवढ्याशा गोष्टीचं मामांनी जंक्शन केलं आहे. पाहुण्यानं नुसता चार्जर काढला तरी प्रश्न येतो, "बॅटरीला इचारलं का?"

बॅटरी माझ्याशी बोलत नाही. म्हणून मी टोकन न घेताच चटणीला मिक्सर लावला. इन्व्हर्टर किंचाळला आणि घरातलं सगळं बंद पडलं.

आता चौकशी समिती बसणार, असं मला वाटलं. पण मामा धावत गेले आणि फ्रीजला पाठ लावून उभे राहिले.

"उघडू नगंस! गारवा जाईल."

"एवढं काय आहे आत?"

"हिराबाईचं इन्सुलिन."

हिराबाई बांधापलीकडं एकट्याच राहतात. त्यांच्याकडं ना वीज, ना फ्रीज. मामांनी पंखा, टीव्ही, दिवे, सगळ्यांची बटणं बंद केली आणि उरल्यासुरल्या बॅटरीवर एकटा फ्रीज चालू केला. त्याला टोकन लागत नाही, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात बांधावरून हाक आली. "आप्पा, गार हाय का माझं औषध?"

"हाय की! या, च्या ठिवलाय."

चहा ठेवलेला नव्हता. मामा आधी टोपी सरळ करत होते.

"पंखा बंद? आज मालगाडी अडाकली जणू," हिराबाई आत येत म्हणाल्या. सिरिंजवरचे बारीक आकडे त्यांनी दारातल्या उजेडात झटकन वाचले.

दोघं समोर होते, म्हणून मी पिशवीतून वीजजोडणीचा अर्ज काढला. "दोन्ही घरांचा एकत्र आहे. सह्या केल्या की खांब येतील. मग हिराबाईंना घरीच फ्रीज घेता येईल. दिवसातून दोनदा इथवर यायची कटकट नको."

मामा टोकन धोतराला पुसत राहिले.

"बॅटरीला इचारावं लागंल," ते शेवटी म्हणाले.

मी कागद हिराबाईंपुढं धरला.

"चष्मा घरी ऱ्हायला, ताई."

माझ्या यादीत दोन नोंदी तशाच आहेत. मामांची सही: बाकी. हिराबाईंची सही: बाकी.