दातारकाकांचं दुसरं व्हायोलिन

दातारकाकांना कर्मणी प्रयोगाचा राग आहे. "एडविनचं संगीत विसरलं गेलं," असं मी एकदा बोलून गेलो, तर त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. "विसरलं गेलं नाही. तुम्ही विसरलात. कर्ता सांगायला लाज वाटते का?" एडविन वारला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

काका शनिवार पेठेत आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहतात. पोस्टातून निवृत्त झालेले. एडविन हा त्यांचा कॅम्पातला मित्र, सव्विसाव्या वर्षी काविळीनं गेला. त्यानं दोन व्हायोलिनं, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चार वाद्यांसाठी तीन रचना लिहिल्या होत्या. दर रविवारी चौघं मित्र त्याच्या घरी त्या वाजवायचे. काका त्यातले एक.

गेल्या वर्षी एडविनची बहीण वाघोलीला राहायला गेली. आवराआवरीत तिला भावाच्या वह्या सापडल्या, त्या तिनं काकांना आणून दिल्या. तेव्हापासून काका अख्ख्या पुण्याशी भांडताहेत.

एका संस्थेनं विचारलं, यात तबला कुठे आहे? काकांनी उलट विचारलं, तुमच्या कार्यकारिणीत कान कुठे आहेत? दुसरीकडे लोक म्हणाले, चहापानाच्या वेळी मागे वाजवू. काका तिथून ताडकन उठून आले. "बटाटेवडासुद्धा खाल्ला नाही मी," हे मला दोनदा ऐकवलं. तिसऱ्यांनी एडविनच्या जन्मशताब्दीपर्यंत थांबा म्हणून सुचवलं. "थांबतो की. तोवर मीही जाईन, एका हारात दोघांचं भागेल."

मीही सुटलो नाही. वह्यांची स्वरलिपी मी संगणकावर उतरवून देत होतो. एक टिंब राहून गेलं, तर दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी जिन्यात गाठून म्हणाले, "तुमच्या नावातला एखादा काना गाळून बघू का, कसं वाटतं?"

शेवटी मार्ग वाघोलीतच निघाला. बहिणीच्या शेजारची मैत्रेयी संगणक कंपनीत नोकरी करते आणि सुट्टीत तीन मित्रांबरोबर वाजवते. ती चौघं तयार झाली. बहिणीच्या दिवाणखान्यात तालीम ठरली. मी काकांना स्कूटरवरून घेऊन गेलो. पहिल्याच पानावर काकांनी त्यांना सात वेळा थांबवलं.

दुसरं व्हायोलिन मैत्रेयीकडे होतं. पान संपल्यावर ती म्हणाली, "काका, बाकीच्यांना केवढं काम आहे. मला नुसते लांब लांब सूर. मधे थोडं भरू का?"

आता हिचं काही खरं नाही, असं मला वाटलं. पण काका बराच वेळ तिच्या समोरच्या कागदाकडे बघत राहिले.

"नको," ते म्हणाले. "ते माझं होतं. मला तेवढंच यायचं. त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. तसं लिहून दिलं."

मैत्रेयीनं गज पुन्हा तारेवर ठेवला. चौघांनी पहिल्यापासून सुरुवात केली. त्यानंतर काकांनी कुणालाच थांबवलं नाही.