पिएत्राक्वेता गावचा प्रतिकार, ओहममध्ये

ज्या गोष्टीचे मोजमाप होत नाही, तिचा सत्कार करता येत नाही. पिएत्राक्वेता गावाने या सत्याकडे साठ वर्षे दुर्लक्ष केले, म्हणूनच जर्मनांविरुद्धच्या लढ्याची स्मृतिशिला तिथे उभी राहू शकली नाही. युद्धाच्या वेळी गावात दोनशे बारा माणसे होती. त्यांपैकी डोंगरात जाऊन लढलेली, आजवर आलेल्या अर्जांनुसार, तीनशे चाळीस. (कागदपत्रे जळाली आहेत. ती कुणी जाळली याचीही कागदपत्रे जळाली आहेत.)

अखेर प्रांताने संगमरवराची एक लादी मंजूर केली. तिच्यावर दहा नावे मावत होती. सोबतच्या पत्रात लिहिले होते, 'प्रत्येक कुटुंबाने केलेला प्रतिकार अंकांत कळवावा.' हे पत्र नगरपालिकेचा मोजणीदार एर्मेते बाल्दराती याच्या टेबलावर आले. एर्मेते तांत्रिक शाळेतून वीजशास्त्रात पहिल्या वर्गात पास झालेला, सरळमार्गी माणूस. इथल्या भाषेत माणसाने शत्रूला केलेला प्रतिकार आणि तारेने विजेला केलेला प्रतिकार यांना शब्द एकच. त्यांतला अंकांत येणारा प्रतिकार त्याला पक्का पाठ होता : दाब भागिले प्रवाह. त्याने तारेला लावायचा चिमट्याचा मीटर खिशात घातला आणि तो घरोघर निघाला.

पद्धत निर्दोष होती. दाब सगळ्यांकडे सारखाच, दोनशे तीस व्होल्ट, त्यामुळे वशिल्याला जागाच नाही. ज्याच्या घरी प्रवाह कमी, त्याचा प्रतिकार जास्त. ही बातमी एर्मेतेच्या आधी गल्लीत पोहोचली. लोकांनी भराभर फ्रिज, टीव्ही, पंप बंद केले. एकाने तर कोंबडीच्या पिल्लांना ऊब देणारा बल्बही काढून ठेवला. (पिल्लांनी अर्ज केलेला नव्हता.)

एर्मेतेने हौसेने शेजारी 'शक्ती' असाही रकाना आखला : दाब गुणिले प्रवाह. त्यातून असे दिसले, की प्रतिकार वाढला की शक्ती घटते. नगराध्यक्षांकडे एसी चालू होता, त्यामुळे साडेबारा अँपिअर, प्रतिकार जेमतेम अठरा ओहम, शक्ती मात्र दोन हजार आठशे पंचाहत्तर वॉट. नगराध्यक्षांनी मोठ्या मनाने प्रतिकार इतरांसाठी सोडला आणि शक्ती स्वतःकडे ठेवली.

पहिला क्रमांक नोटरी सांतिनेल्ली यांच्या घराला मिळाला. ते कुटुंब वीस वर्षे शहरात राहते. घराला कुलूप, वीज तोडलेली. (युद्धात जर्मन कमांडंट याच घरी जेवायला असे. पण पत्रात पाहुणचाराबद्दल काही विचारलेले नव्हते.) दोनशे तीसला शून्याने भागल्यावर कॅल्क्युलेटरवर 'E' हे अक्षर उमटले. नगरपालिकेच्या स्मारक समितीने ते एकमताने 'एरोए', म्हणजे वीर, असे वाचले. इथल्या भाषेत 'चूक' या शब्दाचे पहिले अक्षरही तेच आहे, हे एर्मेतेला माहीत होते. पण जेवणाची वेळ झाली होती.

नगराध्यक्ष यादीतून बाहेर पडल्यावर तळाशी उरली अठ्ठ्याहत्तर वर्षांची आर्जिया फान्तुत्सी. प्रतिकार वीस ओहम. तिचा भाऊ दीनो युद्धात, एकोणिसाव्या वर्षी, जर्मनांच्या गोळ्या लागून पडला. प्रेत सापडले नाही, म्हणून थडगेही नाही. त्याचे नाव कुठेतरी कोरलेले असावे, एवढेच तिचे मागणे होते. ती काठी टेकत कचेरीत आली.

"काय रे एर्मेते, वीस म्हणजे पास की नापास?"

"नापास, मावशी. तुमचा ओव्हन चालू होता."

"शनिवार होता ना! वरच्या आळीतल्या तीन म्हाताऱ्यांना पाव कोण देणार? तू?"

"अहो, पण मोजणीच्या दिवशी तरी..."

"तेव्हाही भट्टी पेटलेलीच होती, बाबा. खाली जर्मन, वर डोंगरात उपाशी पोरं. दीनो पावांचं पोतं पाठीवर टाकून निघाला, तो निघालाच. मी भट्टी विझवून गप बसले असते, तर आज भाऊ असता मला."

नियमात बसेल तेवढी माया एर्मेतेने केली. "मावशी, मी सोमवारी परत येतो. दहा मिनिटं फक्त मीटरचा खटका पाडून ठेवा. अनंत लिहितो. दीनोचं नाव वर जाईल, अगदी सांतिनेल्लींच्या बरोबरीनं."

"माझा दीनो? सांतिनेल्लीच्या मांडीला मांडी लावून?" आर्जिया उठली. "ये सोमवारी."

सोमवारी तिच्याकडे ओव्हन, इस्त्री आणि विजेची शेगडी एकदम चालू होती. तेरा अँपिअर. प्रतिकार सतरा पूर्णांक सात, गावात सर्वांत कमी. शक्ती दोन हजार नऊशे नव्वद, गावात सर्वांत जास्त. (नगराध्यक्षांनी शक्तीचा रकाना अहवालातून वगळायला सांगितला.) एर्मेतेने आकडा सुवाच्य लिहिला. आर्जियाने त्याच्या हातात एक गरम पाव ठेवला आणि दार लावून घेतले.

पंचवीस एप्रिलला, म्हणजे देशाच्या मुक्तिदिनी, बँड वाजवून शिलेचे अनावरण झाले. तिच्यावर दहा नावे आहेत, दीनोचे नाही.

ही पद्धत कुठेही लागू पडते. वाचकांनी घरच्या घरी करून पाहावी. कुणासाठी काही पेटवू नये, कुणी दार वाजवले तर उठू नये, अंधारात स्वस्थ बसावे. आकडा चांगलाच येईल. आपल्यापैकी बहुतेकांना तर त्यासाठी खटका पाडायचीही गरज पडणार नाही. नाव मात्र अचूक अक्षरांत कळवावे. संगमरवरावर खाडाखोड होत नाही.