आप्पांच्या घरात काही पडत नाही

सीमाभागातल्या वडगावात आमच्या शेजारच्या विणकर आप्पांच्या घरात कधी काही पडत नाही. तांब्या हातातून सुटून घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेला तरी तो फक्त 'खाली जातो'. पाऊस 'येतो', सुताचा भाव 'उतरतो'. मी एकदा म्हणालो, आप्पा, मला एक प्रश्न पडलाय. तर "आलाय म्हन की रं," अशी दुरुस्ती मिळाली.

हे खूळ त्यांच्या बायकोला, आक्कांना, अर्धांगवायू झाला तेव्हापासूनचं. त्यांची अंघोळ, वेणी, उठबस सगळं ऐंशीला टेकलेले आप्पाच करतात. मुलगा पुण्यात, मुलगी बेंगलोरला. दोघांनी सांगून ठेवलंय, तुमच्यानं होईनासं झालं की आई एकाकडे आणि आप्पा दुसऱ्याकडे. आमची भिंत सामाईक. पलीकडे धप्प झालं की आप्पांचा खोकला ऐकू येईपर्यंत मी भिंतीला कान लावून उभा राहतो.

परवा आरोग्य केंद्राच्या सिस्टर म्हाताऱ्यांची तपासणी करत आल्या. कोण अशक्त होत चाललंय ते वेळेत कळावं, म्हणून. आप्पांनी मला सोबतीला बोलावलं. हात न टेकता खुर्चीतून उठा म्हटल्यावर ते तालमीत उतरल्यासारखे उठले. चालून दाखवताना तर सिस्टरनाच बाजूला व्हावं लागलं. मग त्यांनी कन्नडात विचारलं, इतक्यात कधी पडलात का? जन्मभर सूतवाल्या व्यापाऱ्यांशी कन्नडात घासाघीस केलेले आप्पा म्हणाले, आपल्याला कन्नड येत न्हाय. सिस्टरनी तेच मराठीत विचारलं. आप्पा म्हणाले, विणकर सोसायटीच्या इलेक्शनात हरलतो, तेवढंच.

सिस्टर हसल्या आणि पकड बघायला त्यांनी आप्पांचा हात हातात घेतला. बाही वर सरकली. कोपराच्या वर सगळं काळंनिळं. आप्पा बाही खाली ओढत राहिले, पण सिस्टरनी हात सोडला नाही.

"पडलो, बाई," ते म्हणाले. "हिला उचलताना. पर हिला भुईला लागू दिली न्हाय, अंगावर घेतली. पोरांस्नी सांगू नगा. हिला तिकडं न्हेतील आन् मला हिकडं. मग हिची कूस कोन बदलनार?"

आतल्या खाटेवरून आक्कांचा जड जिभेचा आवाज आला, "लई लागलंतं व्हय?"

"न्हाय गं," आप्पा म्हणाले, आणि आमच्यासमोरच रडायला लागले.