आबांचे दात सिंगापुरात

"काल्या, हाऽत गेलं! माजं हाऽत!"

काळुराम हॉटेलच्या खोलीतल्या आरशासमोर केस विंचरत होता. त्यानं वळून पाहिलं. वडिलांचे दोन्ही हात जागेवर होते. उलट ते हवेत जोरजोरात नाचत होते.

"आबा, आहेत की हात तुझे."

"हाऽत नाय! हाऽऽत!" म्हणत गोमाजींनी तोंडाचा मोठा आ केला. आत कुणीच नव्हतं.

तेव्हा कुठे काळुरामच्या डोक्यात प्रकाश पडला. दात गेले होते. आणि दात गेले हे सांगायला दातच लागतात, ही अडचण त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कळली.

झालं होतं ते असं. सकाळी दोघं चहाला खाली गेले. चहाला दात लागत नाहीत म्हणून गोमाजींनी कवळी काढून बेसिनपाशी पेल्यातल्या पाण्यात ठेवली. परत येऊन बघतात तर खोली झाडूनपुसून लख्ख, चादरी ताणलेल्या, आणि तो पेला धुऊन उपडा घातलेला, वर कागदाची टोपीसुद्धा.

या सिंगापूरच्या सहलीचं श्रेय कडक उन्हाळ्याला होतं. काळुराम वागळे इस्टेटमधल्या एका पंख्यांच्या कंपनीत विक्रीचं काम बघायचा. त्र्याण्णवच्या मे महिन्यात त्यानं कल्याण-डोंबिवलीच्या दुकानांतून इतके पंखे खपवले, की मालकांनी खूश होऊन त्याला चार दिवसांची सिंगापूर सहल बक्षीस दिली. जोडप्यानं जायचं होतं. पण त्याच्या बायकोला, गोदाला, कोलशेतहून ठाण्याला रिक्षातून जातानाही मळमळायचं. आई बायजा म्हणाली, "मी गेली तं म्हशींना कोन बगंल?" उरले आबा.

कवळी चार वर्षांपूर्वीची होती. पहिल्या दिवसापासून ती गोमाजींच्या तोंडात बसली अशी नाहीच. नुसती राहिली, भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखी. ते बोलायला लागले की वरचे दात वेगळं बोलायचे आणि खालचे वेगळं. "थोडे दिवस त्रास होईल, मग सवय होईल," असं दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. सवय झाली, पण ती घरच्यांना. आबा काय बोलतात ते कळत नाही, हे सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं.

काळुराम धावत खाली गेला. काउंटरवरच्या मुलीला म्हणाला, "माय फादर. टीथ. गॉन."

मुलीला फार वाईट वाटलं. तिनं लगेच फोन फिरवला. थोड्या वेळात खोलीत दोन ब्रश आणि पेस्टची ट्यूब येऊन पडली.

काळुराम पुन्हा खाली. "नो ब्रश! ऑल टीथ. इन ग्लास. ग्लास!"

मुलीनं त्याला ग्लासभर गार पाणी दिलं. त्यानं ते पिऊन टाकलं, कारण घसा खरोखरच कोरडा पडला होता. मग वर जाऊन वडिलांनाच घेऊन आला. "आबा, दाखव."

गोमाजींनी काउंटरवर दोन्ही कोपर टेकवून जबडा उघडला. शेजारी एक गोरं जोडपं किल्लीसाठी उभं होतं, ते भिंतीपर्यंत मागे गेलं. मुलीला मात्र लख्ख समजलं. तिनं मॅनेजरला हाक मारली आणि मॅनेजर आतून एक ट्रे घेऊन आला, वर पांढरा रुमाल झाकलेला. त्यानं रुमाल उचलला. खाली कवळ्याच कवळ्या.

"पीपल फर्गेट, सर," मॅनेजर म्हणाला. लोक छत्र्या विसरतात हे आपण ज्या सुरात सांगतो, त्याच सुरात. सगळ्या उकळत्या पाण्यातून काढल्या आहेत आणि यातल्या काही आज सकाळीच पेल्यांबरोबर खाली धुवायला आल्यात, असंही त्यानं सांगितलं.

गोमाजी ट्रेवर वाकले. बाजारात वांगी निवडावीत तशी ते एकेक कवळी उचलून उलटीपालटी करू लागले. पहिली लावली ती आत बुडाली. दुसरी इतकी मोठी की ते विनाकारण खदाखदा हसतायत असं दिसू लागलं. तिसरी लावली आणि टक्क असा आवाज झाला, पेटीचं झाकण बसावं तसा.

"काल्या," गोमाजी म्हणाले, "ही बसली."

काळुरामच्या अंगावर काटा आला. वाक्यातलं प्रत्येक अक्षर सुटंसुटं ऐकू आलं होतं.

"आबा, तुझीच आहे ना?"

गोमाजींनी दात दोनदा टकटक वाजवून बघितले. "आता माज्याच तोंडात हाय ना?"

काळुराम आणखी विचारणार होता, पण बाहेर सहलीच्या बसनं हॉर्न दिला.

बस पक्ष्यांच्या बागेकडे निघाली आणि आबा बोलू लागले. चार वर्षांचं सगळं तुंबलेलं होतं. उंच इमारती मागे पडत होत्या, गाइड माइकवरून माहिती देत होता, पण आबांपुढे त्याचं काही चालत नव्हतं. मिठागराच्या बांधाचं काय चुकलं, गावकीच्या मीटिंगमध्ये कोण खोटं बोललं, काळुरामनं घेतलेली मोटरसायकल कशी भिकार आहे, सगळं खणखणीत आवाजात.

"आनि यक सांगतंय," शेवटी ते म्हणाले, "मना इकरं यायचंच नव्हतं."

"मग बोललास का नाही?"

"बोल्लो की! नको, नको, नको, असा बोंबललो. तं तुजी आय बोल्ली, बगा बगा, कसा खुश जालाय!"

काळुरामनं गाइडला माइकचा आवाज वाढवायची खूण केली.

बागेत रंगीत पोपट होते, लांब पायांचे गुलाबी पक्षी होते. गोमाजींचं लक्ष भाजलेल्या शेंगदाण्यांच्या पुडीकडे होतं. बाकावर बसून ते एकेक दाणा दाढेखाली धरून कडकन फोडत होते आणि आवाज ऐकत होते. तेवढ्यात पांढराशुभ्र बुशशर्ट घातलेले, ताठ अंगाचे एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. ते बराच वेळ एकटक गोमाजींच्या तोंडाकडे बघत होते.

"क्षमा करा. आपण मराठी बोलत होता. मी अच्युत फणसळकर, डोंबिवली. निवृत्त मुख्याध्यापक. ही माझी कन्या सुमेधा. आपण जरा हसाल का?"

"क्याला?"

"कृपा करून. एकदाच."

मास्तर माणूस इतकं विनवतोय म्हणून गोमाजी हसले. फणसळकर मुलीकडे वळले. "सुमेधा, हे माझे दात."

"बाबा!"

"वरच्या सुळ्याला टवका आहे, बघ. तुझ्या आईच्या चकलीवर गेलेला. मी ओळखणार नाही?"

त्यांचे दातही त्याच सकाळी, त्याच मजल्यावरून, तसेच पेल्यासकट नाहीसे झाले होते. ते चौकशीला गेले तोवर ट्रेमध्ये एकच कवळी अशी राहिली होती, जी त्यांना लागली. आणि लागली तीही अशी, की सुमेधाला राहवेना.

"अहो, पण बाबा, ही तर तुम्हाला किती छान बसलीय! इतक्या वर्षांनी तुमचा शहामृगातला श आणि षट्कोनातला ष वेगळा ऐकू येतोय. कशाला उकरून काढताय?"

"बसली उत्तम. पण ती माझी नाही. दुसऱ्याचे दात तोंडात ठेवून मी खरं कसं बोलू?"

"मास्तर," गोमाजी समजुतीनं म्हणाले, "तुमाला ती बसली, मना ही बसली. मंग तक्रार कनाची हाय?"

"तत्त्वाची," फणसळकर म्हणाले.

तत्त्वापुढे कुणाचं चालेना. दोघं म्हातारे तळ्याकाठच्या झाडामागे गेले, एकमेकांकडे पाठ करून त्यांनी कवळ्या काढल्या, काळुरामनं त्या बाटलीतल्या पाण्यानं धुतल्या आणि रुमालावर ठेवून अदलाबदल सुरू केली. नेमका तेव्हाच बागेचा गार्ड तिथून चालला होता. परदेशी माणसं झाडाआड रुमालातून काहीतरी देतात-घेतात, हे बघून तो धावत आला. त्यानं रुमाल उघडला आणि तो स्वतःच एक पाऊल मागे सरला.

"हूज टीथ?"

फणसळकर शाळेत इंग्रजी शिकवत असत, पण ते दात असताना. त्यांच्या तोंडून नुसती हवा आली. मग काळुराम पुढे झाला. "सर, हिज टीथ इन माय फादर माउथ. माय फादर टीथ इन हिज माउथ. नाऊ चेंजिंग."

"व्हाय?"

"प्रिन्सिपल," काळुराम म्हणाला. त्याला तत्त्व म्हणायचं होतं. गार्डनं त्या शब्दाचा मुख्याध्यापक असा अर्थ घेतला, आणि फणसळकरांनी जोरात मान डोलावल्यामुळे तो पक्का झाला. गार्डनं सगळ्यांनाच ऑफिसात नेलं.

ऑफिसात एक जाडजूड, शांत साहेब होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, दोन्ही कवळ्या टेबलावर मांडल्या आणि खुणेनं सांगितलं, की ज्यानं त्यानं आपापले दात लावावेत. फणसळकरांनी टवक्याची कवळी उचलली. गोमाजींनी नाइलाजानं आपली जुनी उचलली. साहेब म्हणाला, "से युवर नेम."

फणसळकर "अच्यु" एवढंच म्हणाले, आणि वरचे दात टेबलावर पडले. गोमाजींनी तर तोंड उघडायच्या आधीच खालचे दात झेलले.

साहेबानं मान हलवली, कवळ्यांची अदलाबदल केली आणि पुन्हा नाव विचारलं. दोघांनीही पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. "हिज," साहेब फणसळकरांकडे बोट दाखवून म्हणाला, "अँड हिज," गोमाजींकडे बोट दाखवून. मग त्यानं हात झटकले आणि चहा मागवला.

"अहो, पण हे कसं शक्य आहे?" फणसळकर म्हणाले. "ही कवळी मी चार वर्षं वापरली!"

सुमेधा बँकेत नोकरीला होती. तिला एक शंका आली. "काका, तुम्ही कवळी कुठं केलीत?"

"ठान्याला. तलावपालीच्या बाजूला, लाकरी जिना हाय तिथं. गनपतीच्या आदल्या दिशी. दाक्तरला गावाला जायाची लय घाई हुती."

फणसळकरांनी कप खाली ठेवला. "त्याच दिवशी मीही होतो. टेबलावर दोन डबे ठेवले होते."

"निले डबे! आनि यक मानूस मोठ्यानं पेपर वाचीत बसलेला!"

"तो मीच. आणि एकाच्या पिशवीतून कोळंबीचा उग्र वास येत होता."

"तो मी!" गोमाजींनी टेबलावर थाप मारली. "म्हंजी दाक्तरानं डबंच बदलून दिलं! आनि आपुन चार वर्सं सवय करीत बसलो!"

दोघं हसले. साहेबही हसला, त्याला काही कळलं नसलं तरी. मग फणसळकर एकदम गंभीर झाले. "म्हणजे चार वर्षं माझ्या दातांनी… सुकट खाल्ली?"

"आनि माज्यांनी वरनभात!" गोमाजींनी कपाळाला हात लावला. "काय हाल जालं असतील बिचाऱ्यांचं!"

सहलीचे उरलेले दिवस दोघं म्हातारे सोबतच हिंडले. गोमाजी चिंबोऱ्या फोडत होते आणि पलीकडच्या टेबलावर, तोंड फिरवून, फणसळकर काकडी कुरकुर चावत होते. बोलणं मात्र सारखं चालू. मागून काळुराम आणि सुमेधा पिशव्या घेऊन चालायचे. त्यांना आपसात बोलायला एक क्षण मिळाला नाही. विमानतळावर त्यांनी एकमेकांचे फोन नंबर घेतले, एवढंच.

कोलशेतला घरात पाऊल ठेवताच आबांनी भिंतींकडे बघितलं. "यो हिरवा रंग कनी लावला?"

"तुमीच तं हो बोल्लाव," बायजा म्हणाली.

"मी नको बोल्लेलो! आनि दारातला आंबा तोरला, तवाबी नको बोल्लेलो! आनि तुज्या भावाला वरची खोली दिली, तवा तं मी शिवी दिलेली!"

त्या चार वर्षांत बायजानं जे जे नवऱ्याला विचारून केलं होतं, ते सगळं त्या रात्रीपर्यंत एकेक करून उघडं पडलं. दुसऱ्या दिवशी आबांनी तिच्या हातच्या कालवणाबद्दलही मत दिलं. आठवड्याच्या आत वरच्या खोलीतला भाऊ सामान बांधून गेला, गोदा माहेरी जायचं म्हणू लागली आणि काळुरामनं मुद्दाम कल्याणकडची जास्तीची फेरी मागून घेतली.

शनिवारी दुपारी फोन वाजला. बायजानं उचलला. पलीकडे सुमेधा होती, आवाज अगदी खोल गेलेला.

"काकू, तुमच्याकडं कसं आहे सगळं? आमच्या बाबांनी दूधवाल्याला व्याकरण शिकवायला घेतलंय. तो यायचा बंद झालाय. आईला बोलताना मध्येच थांबवून तिची वाक्यं दुरुस्त करतात. ती परवाच मावशीकडं गेली. पूर्वी ते बोलायचे, पण निदान कळायचं तरी नाही हो!"

बाहेर ओटीवर आबा कुणालातरी मिठागराचा बांध समजावून सांगत होते. बायजानं हळूच दार लोटून घेतलं आणि रिसीव्हर तोंडाशी धरला.

"पोरी, उद्या तुज्या बापासला घेऊन जेवाला ये."

"अहो, पण काकू, ते मासे खात नाहीत."

"त्यांना वरनभात करतंय. पोटभर जेवली की म्हातारी मानसं दात पेल्यात ठेवून आरवी होतातच." बायजानं दाराकडं एकदा बघून घेतलं. "पुरचं माज्यावर सोर."