शनिवारचा डबा

"या महिन्यापासून शनिवारी सुट्टी," बाइंडिंगच्या छोट्या कारखान्यात येऊन मालक म्हणाले. "पगार तोच. फक्त काम कमी पडता कामा नये. महिनाभर बघू या."

शिलाईताईंची सुई थांबली. कटरवाल्यानं मशीन बंद केलं. खळकाकांना मात्र ही सुट्टी नको होती. सगळ्यांच्या आधी येऊन कुलूप उघडायचं आणि पुस्तकं चिकटवायची खळ शिजवायची, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. आणि तितकीच वर्षं त्यांच्या बायकोनं घरी एक वाक्य जपून ठेवलं होतं, "तुम्हाला एक जादा सुट्टी मिळू दे, मग माळा आवरू."

त्या माळ्यावर काय नव्हतं? पाती नसलेला पंखा होता, पाय नसलेलं टेबल होतं आणि कुठल्याच टेबलाचे नसलेले पाय होते. खळकाका बायकोशी कधी खोटं बोलत नसत. आताही बोलले नाहीत, फक्त सुट्टीचं सांगितलं नाही. शनिवारी तिनं डबा भरला आणि ते नेहमीसारखे निघाले.

पण बंद कारखान्यात बसून माणूस करणार काय? हात सवयीनं शेगडीकडे गेले. शिजलेली खळ सोमवारपर्यंत टिकायची नाही, म्हणून त्यांनी हाताशी असलेल्या पुस्तकांना पुठ्ठे लावून टाकले.

पुढच्या शनिवारी दारावर हलकेच टकटक झाली.

"काका, आत घ्या हो," शिलाईताई कुजबुजल्या. "मला सुट्टी आहे म्हटल्यावर बहिणीनं तिन्ही पोरं माझ्याकडे धाडली. कामावर बोलावलंय म्हणून सटकले."

"बसा. पण दिवा लावायचा नाही."

ताईंना नुसतं बसवेना. त्यांनी खिडकीच्या उजेडात पुस्तकं शिवायला घेतली. त्याच्या पुढच्या शनिवारी कटरवाला आला. त्याचा मेहुणा ट्रम्पेट शिकत होता आणि सरावाला त्याला बहिणीचंच घर सोयीचं वाटत होतं.

सोमवारी मालक तयार पुस्तकांच्या थप्प्या बघतच राहिले. "बघा, हा विश्रांतीचा गुण. सहा दिवसांत होत नव्हतं ते पाच दिवसांत झालं."

"हो ना," तिघं तीन दिशांना बघत म्हणाले.

हे अंगाशी येणार, हे त्यांना कळत होतं. पुढच्या शनिवारी कशाला हात लावायचा नाही, नुसते पत्ते खेळायचे असं ठरलं. पण काकांनी येताक्षणी खळ शिजवली होती, आणि चांगली खळ फेकून द्यायला त्यांचं मन धजेना. पत्ते तसेच राहिले.

महिनाअखेरीस मालक खुशीत आले. "आता शुक्रवारीही सुट्टी. आणि काका, ती चावी द्या इकडे. चावी हाताशी असली तर तुमच्यासारखा माणूस सुट्टीतही येऊन काम करत बसायचा."

काकांनी चावी दिली. मग ते लांबच्या वाटेनं घरी गेले.

"अगं, उद्या डबा भरू नकोस," ते चपला काढता काढता म्हणाले. "शनिवारी मला सुट्टी असते. महिना झाला."

"ठाऊक आहे," भाजी निवडता निवडता बायको म्हणाली. "पहिल्याच शनिवारी बाजारात जाताना तुमच्या कारखान्याच्या दारावरची 'शनिवारी बंद' ही पाटी वाचली मी. आणि संध्याकाळी तुमच्या सदऱ्याला ताज्या खळीचा वास."

"मग बोलली का नाहीस?"

"कशाला बोलू? त्याच दिवशी माळा आवरून टाकला. तुम्ही असता तर एकेका वस्तूची हकीकत ऐकावी लागली असती. मग मस्त पाय पसरून पडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घर माझं एकटीचं होतं. मला नको का एक सुट्टी?"

काकांना हसू आलं, आणि वाईटही वाटलं. इतक्या वर्षांत हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"पण आता शुक्रवारीही कारखाना बंद," ते हळूच म्हणाले. "आणि चावी मालकांकडे."

बायकोचा हात पहिल्यांदाच थांबला. तिनं थोडा विचार केला, उठून डबा काढला आणि पुसून ओट्यावर ठेवला.

"शुक्रवारी घरी राहा, खुशाल झोपा काढा," ती म्हणाली. "शनिवारचा डबा मी भरणारच. कुठं जायचं ते तुम्ही बघा."