करड्या रेघेवरचं घर

नकाशावरची एखादी पाइपलाइन ‘बंद’ करायची झाली, की बिराजदार अण्णा आधी चपला काढतात. टेबलाखाली, कुणाला कळणार नाही अशा बेताने. खोली लहान असल्यामुळे ते सगळ्यांनाच कळतं. एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘‘इतकी वर्षं गावाला पाणी पाजलंय की तिनं.’’

सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या ऑफिसात शहराच्या पाण्याच्या लाइनींचा नकाशा कॉम्प्युटरवर ठेवायचं काम चालतं. रस्ता रुंद झाला, गटार आडवं आलं, की लाइन दुसरीकडून नेतात. जुनी उकरत कोण बसणार? ती जमिनीतच राहते. मग अण्णा नवी रेघ निळी काढतात, जुनीला करडा रंग देतात आणि तिच्यावरची घरं एकेक करून निळीवर आणतात. त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नाही. ते मात्र रेघेशी कानडीत बोलतात. सॉफ्टवेअर अडकलं की ‘साकु, साकु’, म्हणजे ‘पुरे, पुरे’, म्हणत त्याची समजूत घालतात.

नव्या साहेबांना ती करडी जाळी खटकली. ‘‘अण्णा, डिलीट करा ना. नकाशा स्वच्छ दिसेल.’’

‘‘जमिनीतनं गेलीय का साहेब ती? न्हाय की. बंद हाय, मेली न्हाय.’’

हे त्यांचं पालुपद. ऑफिसचा पंखा, त्यांची स्कूटर, रिटायर झालेला शिपाई, सगळ्यांना लागू. शेवटी साहेबांनी करड्या रेघा नुसत्या झाकून ठेवायला सांगितलं. अण्णांनी मान डोलावली आणि स्वतःच्या कॉम्प्युटरवर उघड्याच ठेवल्या.

गेल्या उन्हाळ्यात भवानी पेठेतून नरसम्माबाई आल्या. आयुष्य यंत्रमागावर गेलेलं, त्यामुळे बोलणं मोठ्याने. ‘‘गल्लीत नवी लाइन टाकली तवापासून सगळ्यांना पाणी हाय, मलाच न्हाय. शेजारणीकडं किती मागायचं?’’

अण्णांनी ती गल्ली नकाशावर उघडली. सगळी घरं निळ्या रेघेवर आली होती. एक तेवढं करडीवर लोंबत राहिलं होतं. त्यांच्याच हातून. गल्लीत जोडणी करणाऱ्या माणसांनी याच नकाशावरून नळ जोडले होते.

‘‘अक्का, चूक माझी हाय,’’ ते सगळ्यांदेखत म्हणाले. ‘‘होतं असं,’’ म्हणणाऱ्या साहेबांवरच उखडले.

प्लंबर गाठून ते निघाले, मलाही ओढलं. गल्लीत खणलेल्या खड्ड्याच्या काठावरून त्यांनी इतक्या सूचना दिल्या, की प्लंबर वैतागला. ‘‘अण्णा, तुमीच उतरा की!’’ अण्णा खरंच उतरले. त्यांना वर काढायला दोन माणसं लागली.

नव्या लाइनीला जोडलेला नळ फुरफुरला. आधी गढूळ, मग नितळ पाणी आलं. नरसम्माबाईंनी पहिला तांब्या भरून अण्णांपुढे धरला.

‘‘घरी कोण कोण असतंय तुमच्या?’’

अण्णांनी तांब्या हातात घेतला. ‘‘बायको गेली. पोरगी बेंगळुरात. मी असतो.’’

बायको गेल्याचं मला माहीत होतं. ‘मी असतो’ हे पहिल्यांदाच ऐकलं.

अण्णांनी पाणी संपवलं आणि एकदम ऑफिसच्या आवाजात म्हणाले, ‘‘उद्या प्रेशर बघायला यावं लागंल.’’

‘‘या की. जेवायच्या टायमाला या.’’

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा भांग पाडून निघाले. प्रेशर मोजायचं मीटर टेबलावरच राहिलं. मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं.