झालं साहेब, उचला

पिंपरीच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकारी गोल्फ मंडळाची वार्षिक बाद स्पर्धा १९७४ साली रीतसर सुरू झाली. ती जनरल मॅनेजर नाडगौडा साहेबच जिंकणार, याबाबत व्यवस्थापन आणि कामगार संघटना यांचं प्रथमच एकमत होतं.

सामने एकास एक होत. हरणारा बाद, जिंकणारा पुढच्या फेरीत. मैदान म्हणजे मोशीजवळ इंद्रायणीकाठी सोपानराव या शेतकऱ्याकडून भाडेपट्ट्याने घेतलेलं माळरान. त्यात नऊ होल खणले होते; ज्याचा चेंडू कमी फटक्यांत आत जाई, तो होल त्याचा. शिवाय करारातल्या एका कलमान्वये सोपानरावांच्या म्हशी तिथे चरत.

साहेबांशी अंतिम सामना हरणाऱ्याला बढती मिळते, असा मंडळाचा इतिहास होता. त्यामुळे साहेबांपुढे हरण्याचा मान मिळावा म्हणून आधीच्या फेऱ्यांत सगळे जिवाच्या आकांताने एकमेकांना हरवत.

त्या वर्षी तो मान गुरुदत्त हुपरीकर या नव्या इंजिनिअरला मिळाला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला नुसता खेळ आवडायचा. मंडळाचे सचिव आणि पर्सोनेल ऑफिसर नंदकिशोर सबनीस यांनी त्याला केबिनमध्ये बोलावून सगळं समजावलं. साहेबांना कोणी मुद्दाम हरलेलं खपत नसे. स्टोअर्सचे एक गृहस्थ उघड उघड हरले आणि त्यांची बदली झाली. हरणं प्रामाणिक वाटलं पाहिजे, त्यात घाम दिसला पाहिजे. त्यासाठी गुरुदत्तला कामातून सवलत देऊन हरण्याचा सराव करून घेण्यात आला.

सामन्याच्या रविवारी कंपनीच्या बसने प्रेक्षक आणले. त्यांना ओव्हरटाइम मंजूर होता आणि टाळ्या विभागवार वाटून दिल्या होत्या.

अडचण एवढीच आली, की साहेबांपेक्षा वाईट खेळणं गुरुदत्तला जमेना. साहेबांचा पहिला चेंडू इंद्रायणीत गेला, म्हणून त्याने आपलाही तिथेच पोचवला. पुढे साहेबांची काठी नुसतीच हवेत फिरली; सबनीसांनी पंच या नात्याने तो सरावाचा फटका ठरवला. शेवटी गुरुदत्तने नियमाचा आधार घेतला. चेंडू होलाच्या अगदी तोंडाशी आला, की प्रतिस्पर्ध्याने ‘झालं, उचला’ म्हणावं आणि तो आत गेल्याचं धरावं, असा नियम आहे. गुरुदत्त आधी हातभर अंतरावरून तसं म्हणाला, मग म्हशी चरत होत्या तिथून. सातव्या होलाला तर साहेबांनी पिशवीतून काठी काढताच तो म्हणाला, “झालं साहेब, उचला.” साहेबांनी खिलाडूवृत्तीने ते मान्य केलं.

सामना चुरशीचा दिसावा म्हणून सबनीसांनी आठ होलांनंतर बरोबरी ठेवली होती. नवव्याला गुरुदत्त झुडपांकडे तोंड करून उभा राहिला. पण काठी फिरवताना त्याचे हात सवयीने वळले. चेंडू उंच गेला, उतारावर पडला आणि सावकाश घरंगळत थेट होलात शिरला. एका फटक्यात. आयुष्यात त्याच्या हातून असा फटका कधी बसला नव्हता. त्याला हसू आवरेना. टाळ्यांच्या वाटपात याची तरतूद नसल्यामुळे मैदान मात्र गप्प राहिलं.

साहेबांनी होलात वाकून पाहिलं. “कुणाचा चेंडू हा?” त्यांनी शांतपणे विचारलं.

गुरुदत्तला थेरगावची आपली भाड्याची एक खोली आठवली. बढतीबरोबर मिळणाऱ्या क्वार्टरच्या खिडक्यांसाठी मृदुलाने, त्याच्या बायकोने, पडद्याचं कापडसुद्धा आणून ठेवलं होतं.

“माझा नाही, साहेब.”

म्हशी वळायला आलेले सोपानराव थबकले. “आसं कसं? तुमचाच हाय. म्या बघितला की जाताना. लई झ्याक मारला.”

सोपानराव मंडळाचे सभासद नसल्याने त्यांना दिसलेलं ग्राह्य धरता येत नाही, असं सबनीसांनी त्यांना नम्रपणे सांगितलं. होलातला चेंडू बेवारस आणि गुरुदत्तचा चेंडू हरवला, असं जाहीर झालं. साहेब जिंकले.

तो घरी आल्यावर मृदुलाने काय झालं ते विचारलं. हरलो म्हणताच तिने शेजारीपाजारी पेढे वाटले. गुरुदत्त आपला पेढा बराच वेळ नुसता हातात धरून बसला.

बढती झाली, क्वार्टर मिळालं. सातव्या होलाचा प्रकार साहेबांना इतका आवडला होता, की काठी न फिरवताच निकाल लागत असेल तर मोशीपर्यंत जायचं कशाला, असा प्रश्न त्यांनी मंडळापुढे ठेवला. पुढच्या वर्षीचा अंतिम सामना त्यांच्या केबिनमध्ये चहावर झाला. त्यानंतर सगळ्याच फेऱ्या मीटिंग हॉलमध्ये सेवाज्येष्ठतेनुसार खेळल्या जाऊ लागल्या. ऊन लागत नसल्याने सभासद वाढले. जमीन सोपानरावांना परत गेली. त्यांनी तिथे कांदा लावला.

१९८१ साली गुरुदत्त स्वतः जनरल मॅनेजर झाला आणि अर्थातच स्पर्धा जिंकला. चषक स्वीकारताना त्याला राहवलं नाही. मोशीच्या नवव्या होलात आपण एका फटक्यात चेंडू घातला होता, असं त्याने सगळ्यांना सांगितलं.

टाळ्या विभागवार झाल्या. गुरुदत्त एकेक चेहरा न्याहाळत राहिला. एकाही चेहऱ्यावर विश्वास नव्हता. आदर मात्र सगळ्या चेहऱ्यांवर होता.

वाचकहो, त्या सभेत आपण नव्हतात हे मान्य. पण गेल्या आठवड्यात आपल्या साहेबांनी स्वतःचा एक पराक्रम सांगितला आणि आपण टाळ्या वाजवल्यात. तो खराही असू शकेल, असं आपल्या मनात क्षणभर तरी आलं होतं का?